पहिल्याच धड्याची मुलं

सोमवार, ३ तारीख

एकतीस तास बस. पाय सुजून खांब झालेत. शेजारी जाऊबाई, खिडकी अर्थातच त्यांची. वाटेत तीनदा म्हणाल्या, घरात भिंतीशी बोलत बसण्यापेक्षा हे बरं ना! मी भिंतीशी बोलत नाही. ह्यांच्याशी बोलते. भिंत मधे येते, त्याला मी काय करू?

बालगृह दुमजली आहे, पिवळं. एक्केचाळीस मुलं. आम्ही उतरलो तेव्हा उंचीप्रमाणे रांगेत उभी होती. स्वागताचं गाणं झालं. पहिल्या कडव्यालाच आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. मुलांचे डोळे आमच्या खोक्यांवर होते.

आम्ही आमच्या मंडळीतले बावीस जण, पंधरा दिवसांच्या सेवेसाठी आलेले. सगळ्यांना सारखे निळे शर्ट, पाठीवर छापलंय 'प्रेम'. माझा दोन मापं मोठा. त्यामुळे माझं प्रेम कमरेपर्यंत उतरलंय.

मग चिठ्ठ्या काढून प्रत्येकाला एकेक मूल दिलं. माझ्या वाट्याला अकरा वर्षांची एक मुलगी आली. काडीसारखं अंग, वर मोठं गोल डोकं. सगळे टाचणी म्हणतात. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही खूप छान आहात." मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

मंगळवार, ४

वाचनाचा तास. आमच्यातले पेन्शनर मास्तर शिकवणार. खोकी फोडली, मिशनच्या कचेरीनं छापलेलं पुस्तक प्रत्येकाला एक. बदकाची गोष्ट आहे. मास्तरांनी फळ्यावर बदक काढलं. सगळी मुलं ओरडली, "बदक तळ्यात उतरले!" मास्तर खूश. म्हणाले, काय चुणचुणीत मुलं आहेत, अजून सांगितलंही नाही तोवर...

दुपारी मी भांड्यांना हात लावायला गेले. स्वयंपाकीणबाई मोकळ्या तोंडाची आहे. तिनं मला कोठी दाखवली. बदकाच्या पुस्तकांची थप्पी, माझ्या खांद्याइतकी! दर चार महिन्यांनी एक तुकडी येते, दर तुकडी चाळीसेक पुस्तकं आणते, पहिल्या धड्यापासून सुरू करते, आणि दुसऱ्या धड्यापर्यंत पोचेस्तोवर तिची परतीची बस येते. पुढची तुकडी पुन्हा पहिल्यापासून. म्हणाली, "आमची पोरं पहिल्या धड्यात पीएचडी झालीत, मावशी. आणि माझी चूल बदकावर पेटते."

हसले मी. मग हसू आलं नाही.

मुलं आमच्याकडून शिकत नाहीत. आम्हाला शिकवू देतात.

बुधवार, ५

टाचणीनं मला वाचून दाखवलं. काय वाचते! कुठे थांबावं, कुठे आवाज चढवावा, सगळं जिथल्या तिथे. जाऊबाई म्हणाल्या, तुझी चिठ्ठी नशिबाची निघाली. बाईही आल्या. बाई म्हणजे इथल्या प्रमुख. सगळे नुसतं बाई म्हणतात. सांगत होत्या की ही आमची सगळ्यात चांगली वाचणारी.

पण तिचे डोळे अक्षरांवरून सरकत नव्हते. चित्रावर होते. आणि एकदा तिच्या हातून दोन पानं एकदम उलटली. गोष्ट मात्र एकही वाक्य न गाळता पुढे गेली.

कुणाच्या लक्षात आलं नाही. मी खालमानेनं ऐकत राहिले.

गुरुवार, ६

विचारलं नाही. दिवसभर विचारलं नाही.

शुक्रवार, ७

बाईंकडून कळलं ते असं. इथे बाराव्या वर्षापर्यंतच ठेवतात. टाचणीला पुढच्या महिन्यात बारा पुरी होतात. मग दोनच वाटा. एक, मुलींची निवासी शाळा. तिथल्या मुख्याध्यापिका पुढच्या शनिवारी, पंधराला, येणार. वाचायला लावून पारखतात आणि एकच मुलगी घेतात. त्यात नाही बसली, तर मोठ्यांचं गृह. तिथे मुली दिवसभर हॉस्पिटलच्या चादरी धुतात. शिकवणी असते संध्याकाळी. कागदावर. बाई म्हणाल्या, टाचणीची काळजीच नाही, तिचं झालंच समजा.

दुपारी तिला कोठीत घेऊन गेले. साबणाचं खोकं पुढे ठेवलं. वाच म्हटलं.

ती हसली. म्हणाली मावशी तुम्ही खूप छान आहात.

मी म्हटलं, ते राहू दे.

मग तिनं खोक्यावर लाथ मारली. रडली नाही. मी तिला माझं सांगितलं, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लग्न झालं तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. प्रार्थनेला गीतांचं पुस्तक उघडून उभी राहायची, गाणी पाठ होती, शेजारणीनं पान उलटलं की आपणही उलटायचं. ह्यांना कळलं नाही. हे बस डेपोत गाड्यांच्या पाट्या रंगवायचे. घाईच्या दिवसांत पाट्या घरी आणायचे. रंगवताना गावाचं नाव तोंडातल्या तोंडात म्हणायची सवय. मी भाकऱ्या भाजता भाजता आवाज ऐकायचा, आकार बघायचा. नऊ वर्षं लागली. एकाही गावाला न जाता सगळी वाचली. मग पुस्तकं. मग मिळेल ते.

तिनं विचारलं, "तुम्हाला कुणी पकडलं नाही?"

"नाही."

"मग चांगलंच झालं की."

काय सांगू तिला. हे गेले त्याला सव्वातीन वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं, शाळा शिकलेली बायको केली. सांगेन सांगेन म्हणत राहिले. आता सांगते, तर भिंत मधे येते.

टाचणी म्हणाली, माझी पण आई वारली. मी लहान होते. बाईंनी सांगितलं. असं म्हणून तिनं माझ्या पाठीवर थोपटलं, नेमकं त्या 'प्रेम'वर. मोठ्या बाईसारखं.

शनिवार, ८

सुरुवात केली. बदकाला हात लावायचा नाही, हा नियम. जे पाठ आहे ते वाचायचंच नाही.

तशी वीसेक अक्षरं तिला येतात. इतकी वर्षं समोर होती, काही चिकटली. गावातल्या शाळेत जाते, पण वर्गात सत्तर मुलं. मागे बसायचं, पुढच्या वर्षी पुढच्या वर्गात. आज पोत्यावरचं लेबल, औषधाची पट्टी, फिनेलची बाटली. फिनेलला पाव तास लागला. 'वि-षा-री' वाचलं आणि बाटली घाईनं खाली ठेवली. वाचल्याचा पहिला पुरावा!

आमच्या बाकीच्या लोकांनी आज भिंतीवर इंद्रधनुष्य रंगवलं. आधीच्या इंद्रधनुष्यावर.

रविवार, ९

वाईट झालं.

मिशनचे दोन मोठे लोक आले होते. मुलांचा कार्यक्रम. पाळकसाहेबांनी टाचणीला उभं केलं, हातात बदक दिलं. ती उभी राहिली, आणि पहिल्यांदाच तिनं पुस्तकाकडे पाहिलं. अक्षरांकडे. "ब... द... क..." आणि अडकली. 'तळ्यात'मधल्या जोडाक्षराशी थांबली. इतकी वर्षं तोंडातून घसरत गेलेला शब्द, आज पहिल्यांदा तिला दिसला. पाहुण्यांपैकी एकानं मोबाइल खाली केला. मागची लहान मुलं तिला हलक्या आवाजात पुढचं सांगायला लागली. त्यांना पाठ आहे ना.

ती घाबरून नाही थांबली. मी बघत होते. ती वाचत होती.

नंतर पाळकसाहेब मला बाजूला घेऊन गेले. आवाज मऊच असतो त्यांचा. "मावशी, देव तुमचं मन जाणतो. पण तुम्ही मुलीला बिघडवलंत." मास्तर म्हणाले, पद्धत नसली की असं होतं, प्रशिक्षण नसलेल्या माणसानं हात घालू नये. जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिचं असंच आहे. नीट चाललेलं हिला बघवत नाही."

बारा वर्षं एका भिंतीला लागून राहतो आम्ही. बरोबर कुठे टोचायचं ते ठाऊक असतं.

सोमवार, १०

बाई यादीतून टाचणीचं नाव काढायला निघाल्या. तिच्याऐवजी दुसरी मुलगी, तिच्याहून सहा महिन्यांनी लहान, बदक तिचंही पाठ.

मी त्यांच्या खोलीत गेले. बसा म्हणाल्या नाहीत. मी सगळं सांगितलं. टाचणीला कधीच वाचता येत नव्हतं. दुसरीलाही येत नाही. बहुतेक कुणालाच येत नसणार.

मला वाटलं बाईंना धक्का बसेल. त्यांनी खिडकी लावून घेतली. म्हणाल्या, "एक्केचाळीस मुलं आणि आम्ही दोघी. उवा, ताप, खरूज, शाळेचे डबे. पाहुण्यांना वाचून दाखवतात, तेवढं मला पुरे होतं. तुम्हाला वाटतं मला कळत नव्हतं?"

मग यादी पुढे ओढली. शेवटी म्हणाल्या, नाव ठेवते, पण जबाबदारी तुमची.

माझी! आठ दिवसांची पाहुणी मी.

मंगळवार, ११

जोडाक्षरं. डोकं फिरलं दोघींचंही. तिनं पेन्सिल चावून चावून अर्धी केली. मी एकदा ओरडले. मग ती, "मावशी, तुम्ही खूप छान नाही आहात." बरं वाटलं ऐकून.

बुधवार, १२

आमच्या बायका मला जेवताना जागा देत नाहीत. सरकतात, पण विचार करून सरकतात. मी प्रार्थनेच्या तासाला कोठीत असते म्हणून पाळकीणबाई नाराज. पाळकीणबाईंनी आज प्रत्येक मुलीच्या वेणीला रिबीन बांधली आणि प्रत्येकीबरोबर फोटो काढला. एक्केचाळीस फोटो. मुलगे पण आले त्यात. रिबिनीसकट.

टाचणीनं आज जुना पेपर वाचला. अर्धा रकाना. एका बाईची हरवलेली म्हैस सापडली अशी बातमी. शेवटच्या ओळीपर्यंत तिला माहीत नव्हतं म्हैस सापडणार की नाही! वाचून झाल्यावर उडी मारली. म्हणाली, मला वाटलं मेली.

आयुष्यात पहिल्यांदा तिला गोष्टीचा शेवट आधी ठाऊक नव्हता.

गुरुवार, १३

तिला ताप. शिकवणं नाही. कपाळावर पट्ट्या ठेवत बसले.

ह्यांच्या शेवटच्या आजारात अशाच ठेवायचे. हात आपोआप त्याच चालीनं चालतो. पिळा, घडी, ठेवा. तेव्हा मी ह्यांना पेपर वाचून दाखवायचे आणि हे डोळे मिटून म्हणायचे, शाळेतल्या बाईसारखं वाचतेस. तेव्हा तरी सांगायचं होतं.

शुक्रवार, १४

ताप उतरला. उद्याची भीती मलाच जास्त. तिनं मला धीर दिला!

शनिवार, १५

मुख्याध्यापिका आल्या. उंच, सावळ्या, खांद्याला मोठी पिशवी, हसण्यात वेळ न घालवणाऱ्या. बाईंच्या खोलीत आम्ही चौघी आणि ती दुसरी मुलगी.

दुसरीचं आधी. बाईंनी बदकाचं पुस्तक पुढे केलं. मुख्याध्यापिकांनी ते हातानं बाजूला सारलं. "हे नको. प्रत्येक बालगृहात हे मला तोंडपाठ ऐकवतात." पिशवीतून त्यांचंच एक पत्रक काढून दिलं. दुसरी पोर पत्रकाकडे बघत बसली. बिचारीनं हळूच बदक म्हणायला सुरुवात केली. मला तिच्याकडे बघवेना. तिच्यासाठी मी काय केलं होतं?

मग टाचणी. पत्रक दुसरीच्या घामेजल्या हातात चुरगळलेलं. म्हणून बाईंच्या टेबलावर जो कागद सगळ्यात वर होता, तो मुख्याध्यापिकांनी उचलून तिला दिला. तो तिचाच प्रवेशाचा अर्ज होता. बाईंनी सकाळीच भरलेला, सुबक अक्षरात.

तिनं वाचलं. अडखळत, बोट ठेवून. स्वतःचं नाव आलं तिथे जरा थांबली, वर पाहिलं, पुन्हा खाली. जन्मतारीख. उंची. "व-डील... अ-ज्ञात." 'ज्ञ' तिनं एकटीनं फोडला! मी साडीच्या पदरात मूठ आवळून बसले होते. "आई... ह-या-त."

बाईंचा हात कागदाकडे गेला. तोपर्यंत वाचून झालं होतं.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, पुरे. "ही अडखळते, म्हणजे ही वाचते. घेते मी हिला. सोमवारी नऊला गाडी पाठवते. मीही असेन."

मला काय वाटायला हवं होतं? मी जिंकले होते. जिन्यात टाचणीनं माझं बोट धरलं.

"मावशी, हयात म्हणजे काय?"

मी म्हटलं उद्या सांगते.

रविवार, १६

सकाळी बाईंकडे गेले. या वेळी बसा म्हणाल्या.

आई जिवंत आहे. दुसरं लग्न झालंय, दुसरी मुलं आहेत. या मुलीला कधीही भेटणार नाही, असं सहीनिशी लिहून दिलंय. तो कागदही बाईंनी दाखवला. सही नीट, वळणदार. शिकलेली बाई असणार.

मी विचारलं, मग मुलीला मेली म्हणून का सांगितलंत?

बाई म्हणाल्या, "इथे सगळ्यांना तेच सांगते. मेलेल्या आईचं मूल रडतं आणि जेवायला बसतं. जिवंत आईचं मूल जेवत नाही. वीस वर्षं बघतेय मी." मग म्हणाल्या, तुम्ही उद्या जाणार. तिला सांगा, हयात म्हणजे वारली. शब्दच कठीण आहे, तिला कुठे कळणार.

मी उठून आले. मी त्या मुलीला जे शिकवलं ते ह्यासाठी? पहिलाच शब्द खोटा सांगू? ह्यांना आयुष्यभर जे सांगितलं नाही ते सांगितलं नाही, आता तरी खोटं नाही. असं मनात म्हणत कोठीकडे गेले. फार मोठी माणूस झाले होते मी तेवढ्या वाटेत.

टाचणी ट्रंकेत कपडे भरत होती. मी सांगितलं. हयात म्हणजे जिवंत. तुझी आई जिवंत आहे.

तिनं फ्रॉकची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग विचारलं, बाईंना ठाऊक होतं? मी म्हटलं हो.

नकाराचा कागद नाही सांगितला. जीभ वळली नाही. म्हटलं एवढं पुरे, खरं तर सांगितलं ना. उरलेलं शाळेत गेल्यावर कळेल कधीतरी, मोठी झाल्यावर.

संध्याकाळी निरोपाचा कार्यक्रम. मुलांनी आमच्यासाठी बदकाची गोष्ट एका सुरात म्हटली. पाळकसाहेब रडले. टाचणी रांगेत होती, तोंड मिटून. मला ते आवडलं. अभिमान वाटला, खोटं का लिहू.

सोमवार, १७

शाळेची गाडी आली आणि रिकामी गेली. टाचणी फाटकाचा गज दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. बाईंनी तिची बोटं सोडवून पाहिली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, ओढून आणलेली मुलगी मला नको, आणि गाडीत बसल्या. मी खाली बसले, तिला समजावायला गेले. ती अगदी शांत होती. म्हणाली, "मावशी, आई आली आणि मी इथे नसले, तर तिला कोण सांगणार मी कुठे गेले?"

ती येणार नाही, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. आमची बस हॉर्न देत होती. मी चढले.